केरबा मास्तरांचं टाचण

एका गावात एक भोळा व्यायामशिक्षक होता. नाव केरबा घोलप. मन सोन्यासारखं, आणि डोकंही सोन्यासारखंच, जपून ठेवलेलं.

नोकरी मात्र हंगामी. दिवाळीआधी विस्तार अधिकारी येणार, तास बघणार, कागदावर सही करणार, तेव्हा कुठे केरबा कायम होणार. त्याला पोरांचा फार लळा. नोकरी गेली तर पोरंही दुरावणार. म्हणून मुख्याध्यापिका कालिंदीबाईंचा शब्द तो खाली पडू देत नसे.

"घोलप, तुमचं टाचण कुठाय?" बाईंनी एकदा विचारलं. "तासाला काय घेणार ते आदल्या दिवशी वहीत लिहायचं. लिहिलंय तेवढंच घ्यायचं. मनाचं काही नको."

"बरं, बाई."

केरबाने झोकात टाचण लिहायला घेतलं. 'रांग करणे. सावधान.' तेवढ्यात जेवायची हाक आली आणि तो उठला.

दुसऱ्या दिवशी रांग झाली. सावधान झालं. पुढे वही कोरी. शाळा सुटली तरी पोरं ताठ, समोर केरबाही ताठ. गुरं घरी आली, पोरं काही येईनात, म्हणून आया शाळेत आल्या. त्यांनी केरबाचा जो उद्धार केला, तो इथे लिहिण्यासारखा नाही.

"अहो, विश्राम का नाही दिलात?" कालिंदीबाईंनी विचारलं.

"टाचणात नव्हता, बाई."

बाईंनी कपाळाला हात लावला. "टाचण राहू द्या. दमलेलं दिसलं, की थांबवायचं आणि घरी पाठवायचं. समजलं?"

"समजलं, बाई."

शनिवारी शेजारच्या गावाशी धावण्याची शर्यत होती. आपली सुगंधा सगळ्यांच्या पुढे. शेवटची रेषा चार पावलांवर. पोरगी धापा टाकत होती. केरबा शिट्टी फुंकत आडवा गेला.

"दमलीस गं बाय. थांब. घरी जा."

सुगंधा रडत घरी गेली. बक्षिसाची ढाल शेजारच्या गावी गेली.

"शर्यतीत दमलेल्याला कुणी थांबवतं का हो?" बाईंचा आवाज चढला. "उलट मागे लागायचं. पळ, थांबू नको, असं ओरडायचं. रेषा ओलांडेपर्यंत दम घेऊ द्यायचा नाही."

"चुकलो, बाई. आता कुणाला थांबवणार नाही."

सोमवारी विस्तार अधिकारी आले. अंगाने चांगले भरलेले. एसटीने फाट्यावर सोडलेलं, तिथून सगळा चढ. मैदानापाशी पोचले ते घामाने निथळत, काखेत केरबाचा कागद घेऊन. केरबाने साहेबांना ओळखलं. साहेब दमलेत, हेही ओळखलं. आज आपली चूक होणार नाही, या आनंदाने त्याची छाती फुगली.

"मास्तर, जरा पाणी..." साहेब म्हणाले आणि टेकायला दगड शोधू लागले.

केरबाने शिट्टी फुंकली. "पळा साहेब, थांबू नका!"

मागून साठ पोरं ओरडली, "पळा साहेब, थांबू नका!"

साहेबांनी एकदाच वळून बघितलं आणि चपला तिथेच सोडून ते सुटले. रेषा आखलेली नव्हती, म्हणून केरबाने गावची शीव धरली. शिवेपलीकडे साहेबांनी परतीची एसटी गाठली आणि चालत्या गाडीतच ते चढले.

केरबा घाम पुसत, हसत परत आला. दारात कालिंदीबाई हार घेऊन उभ्या होत्या.

"साहेब आले का हो? सही झाली?"

"सही कुठली, बाई? मी त्यांना दमच घेऊ दिला नाही," केरबा म्हणाला. "पण काळजी नको. साहेबांचा पहिला नंबर आला."