शनिवारचं पाणी

एका खाडीकाठच्या गावात गोड्या पाण्याची एकच विहीर होती. चहूकडे खारं पाणी, मिठागरांचे पांढरे ढीग, आणि मधोमध ही विहीर. देवाची करणी, दुसरं काय म्हणायचं.

विहीर होती यहुद्यांच्या प्रार्थनाघराच्या अंगणात. हे यहुदी म्हणजे गावातले शनिवार तेली. सहा दिवस तेलाचा घाणा चालवायचे. शुक्रवारी सूर्य बुडाला की घाणा बंद. शनिवार सगळा विसाव्याचा आणि प्रार्थनेचा. त्या दिवशी कुणी काडीचं काम करायचं नाही, अशी त्यांना देवाची आज्ञा.

माणसं थोडी, पण मनाची मोकळी. त्यांच्या प्रार्थनेला दहा जण लागतात. इतर गावांत दहा पुरुष मोजत. ही मंडळी म्हणायची, बाईचं गाऱ्हाणं देवाला काय कमी ऐकू येतं? म्हणून इथे बायाही मोजायच्या. तरी सगळे मिळून जेमतेम दहाच भरायचे. त्यातली दहावी मिल्काबाई, दिव्याच्या वाती वळणारी म्हातारी.

मंडळी दानधर्मालाही पुढे बरं का. रोज संध्याकाळी मिठागरात राबणाऱ्या बाया फाटकाशी यायच्या. मंडळीतले लोक पाळीपाळीने पोहरा ओढायचे आणि एकेकीच्या कळशीत पाणी ओतायचे. बाया म्हणायच्या, "देव तुमचं भलं करो." मंडळीचे मुकादम जवळ उभे राहून ते ऐकायचे. त्यांना फार बरं वाटायचं. मग ते फाटकाला कुलूप घालायचे आणि किल्ली कनवटीला लावायचे.

शनिवारी मात्र फाटक बंद. पाणी ओढणं म्हणजे काम, आणि त्या दिवशी काम नाही. मग बायांनी जायचं कुठे? डोंगरातल्या झऱ्यावर. दोन कोस जायचं, दोन कोस यायचं. आणि मिठागर काही शनिवारी थांबत नाही.

एका शनिवारी सकाळी मिल्काबाई प्रार्थनेला निघाल्या होत्या. वाटेत बांधावर ठमाय बसलेली दिसली. ठमाय मिठागरातली सगळ्यांत जुनी मजूर. शेजारी तिची सून, सातव्या महिन्यातली, गुडघा धरून बसलेली. कळशीचे तुकडे झाले होते.

"काय झालं गं?"

"पाय घसरला बाय. रात सरायच्या आधी निघालो होतो झऱ्यावर. पोर वाचली, पोटातलं वाचलं, मीठमाउलीची कृपा. पाणी गेलं तेवढं." ठमाय उठली. "आता मलाच परत जायला पाहिजे."

मिल्काबाई तशाच पुढे निघाल्या. प्रार्थनाघरापाशी आल्या आणि आत न जाता पायरीवरच बसल्या.

आत नऊ जण वाट बघत होते. मुकादम बाहेर आले. नात्याने ते मिल्काबाईंचे दीर.

"वहिनी, चला. तुमच्यासाठी अडलंय."

"मला आज मोजू नका भावजी."

"बरं नाही का?"

"मी ठणठणीत आहे. मला सांगा, तुमचा बैल कुठे आहे?"

मुकादम गोंधळले. "गोठ्यात. शनिवार आहे. बसलाय रवंथ करत."

"का बसलाय?"

"का म्हणजे? आज्ञाच आहे. तू काम करायचं नाहीस, तुझ्या मुलाने नाही, मुलीने नाही, चाकराने नाही, तुझ्या बैलानेही नाही…"

"पुढे म्हणा."

मुकादमांचा आवाज बारीक झाला. "…आणि तुझ्या वेशीच्या आतल्या परक्यानेही नाही."

"बैलाला विसावा मिळाला," मिल्काबाई म्हणाल्या. "ठमाय दोन कोस चालतेय. दुसऱ्यांदा. आपल्या कुलपामुळे तिचा शनिवार आठवड्यातला सगळ्यांत जड दिवस झालाय. हा कसला शनिवार?"

तोवर बाकीचे आठ जणही दाराशी आले होते. त्यात हसाजी तेली होता, जिभेचा तिखट. तो म्हणाला, "मग काय वहिनी, प्रार्थना सोडून आम्ही पोहरा ओढायचा?"

"तुला कोण ओढायला सांगतंय? तुझ्याने आठवडाभर घाणा ओढवत नाही."

सगळे हसले. हसाजीही हसला.

"त्यांना हात आहेत," मिल्काबाई म्हणाल्या. "आपण फक्त फाटक उघडं ठेवायचं. दोर त्यांच्या हाती द्यायचा. शनिवारी आणि रोजही."

एक गोष्ट मुकादमांच्या मनात आली, ती त्यांना स्वतःलाच आवडली नाही. दोर त्यांच्या हाती गेला, तर आपण दाते कसले? देव भलं करो, असं आपल्याला कोण म्हणणार?

दाराशी नऊ, पायरीवर एक. प्रार्थना काही सुरू होईना.

शेवटी मुकादमांनी कनवटीची किल्ली काढली. फाटक उघडलं. कुलूप घेऊन ते विहिरीपाशी गेले आणि त्यांनी ते पाण्यात टाकून दिलं. डुबुक!

"चला वहिनी," ते म्हणाले. "आता तरी मोजू?"

"मोजा," मिल्काबाई म्हणाल्या, आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

त्या दिवसापासून बाया हव्या त्या वेळी यायच्या, आपलं पाणी आपण ओढायच्या, गप्पा मारायच्या, जायच्या. दोर झिजला की त्याच नवा वळायच्या. मात्र 'देव भलं करो' कुणी म्हणेना. आपल्या हाताने काढलेल्या पाण्याचे आभार कोण मानतं? मुकादमांना काही दिवस चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

पुढे मुकादमांची नात तापाने अंथरुणाला खिळली. मुकादम नवस बोलले, पोर उठली तर मलिदा करीन. मलिदा म्हणजे गोड पोहे, नारळ आणि फळं यांचं ताट. देवाचे आभार मानायचे झाले की ही मंडळी ते करतात.

पोर उठली. शनिवारी रात्री मलिदा ठरला. शुक्रवारी पाहुणे आले. मुकादमांनी प्रार्थनाघराच्या ओसरीवरचा रांजण काठोकाठ भरून ठेवला.

आणि शनिवारी दुपारी बघतात तर रांजण कोरडा! बुडाला चीर गेली होती, सगळं पाणी मातीत. ऊन रणरणतं. पाहुण्यांचे ओठ सुकलेले. नात आजोबांच्या मांडीवर येऊन म्हणाली, "आजोबा, पाणी."

विहीर दहा पावलांवर. ठमाय तिथे पोहरा ओढत होती. पण मुकादमांना आज दोर धरता येत नव्हता, आणि दुसऱ्याला 'माझ्यासाठी काम कर' असंही सांगता येत नव्हतं. जन्मभर लोकांनी त्यांच्याकडे मागितलं होतं. आज त्यांना मागताही येईना.

"आजोबा, पाणी ना."

मुकादम उठले. आजारातून उठलेलं पोर ते. देव समजून घेईल, असं म्हणून त्यांनी दोराकडे हात नेला.

ठमायने तो हात अडवला.

"दादा, हात लावू नका. आज तुमचा विसावा आहे ना?"

"अगं, पण पोर…"

"दिसतंय मला. डोळे हायेत."

तिने आपली भरलेली कळशी उचलली, ओसरीवर आणली, आणि आधी पोरीच्या ओंजळीत धार धरली. मग पाहुण्यांना वाढलं. सगळ्यांत शेवटी मुकादमांना. मुकादम ओंजळ करून खाली वाकले. त्या विहिरीचं पाणी ते सत्तर वर्षं पीत होते, पण ते इतकं गोड आहे हे त्यांना त्या दिवशी कळलं.

"देव तुझं भलं करो, बाय," ते म्हणाले.

"भलंच केलंय की," ठमाय म्हणाली. "नातू झालाय मला. आणि दर शनिवारी मी सकाळचा चहा घरी बसून पिते."

रात्री आकाशात तीन तारे दिसले, शनिवार सरला. मलिद्याचं ताट मांडलं. पहिली मूठ मुकादमांनी ठमायच्या हातावर ठेवली. मिल्काबाई शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भावजी, आज किती जण मोजले?"

मुकादमांनी अंगणभर नजर फिरवली. तेली होते, पाहुणे होते, मिठागरातल्या बाया होत्या, ठमायच्या सुनेच्या कडेवर तिचं बाळ होतं.

"मोजत बसलो तर मलिदा शिळा होईल वहिनी," ते म्हणाले. "घ्या."

तात्पर्य: तहानलेल्याला पाणी द्यावंच, पण जमलं तर दोरही त्याच्या हाती द्यावा. आपला रांजण कधी फुटेल ते सांगता येत नाही, आणि आभार मानायची पाळी आपली आली, तर तेही भाग्यच समजावं.