आपला आपण हलणारा बाण

एका तालुक्याच्या गावी एक वधूवर सूचक केंद्र होतं. मालक होते प्रभाकरपंत घैसास. तीन खोल्या, चार कॉम्प्युटर आणि त्यांत तीन हजार मुलामुलींची माहिती: फोटो, पत्रिका, पत्ता, आधीचं लग्न का मोडलं तेसुद्धा. लोक हे सगळं सांगत ते निर्मलाताईंकडे बघून. ताई तिथे अठरा वर्षं काम करत होत्या.

कॉम्प्युटर अडला की अल्ताफ नावाचा तंत्रज्ञ पुण्यात बसूनच तो दुरुस्त करी. आधी पडद्यावर एक चौकट येई: ‘आत येऊ का?’ ताई ‘हो’ म्हणत, मग माऊसचा बाण आपला आपण फिरू लागे. काम झालं की अल्ताफ फोनवर सांगे, “ताई, निघालो.” दिवसभर हेच करून तो कंटाळून जाई, पण न विचारता कधी आत आला नाही.

एकदा पंतांच्या डोक्यात किडा वळवळला. माणसं काम करतात की नुसती वेळ काढतात, हे घरच्या झोपाळ्यावरून बघता आलं तर?

“अल्ताफ, ती चौकट काढून टाक. मला कुणाला विचारायचं नाही. पासवर्ड केंद्राचं नाव आणि स्थापनेचं साल ठेव.”

“पंत, ते तर बाहेर पाटीवरच लिहिलंय. आणि चौकट नसली तर आत कोण आलं ते कळणार कसं?”

“मालक येणार. दुसरं कोण येतंय?”

अल्ताफ सकाळपासून लोकांशी हुज्जत घालून दमला होता. आणखी एकाशी घालायचं त्राण त्याच्यात नव्हतं. त्याने चौकट काढली आणि पासवर्डही पाटीवरचाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ताई बहिणीच्या ऑपरेशनसाठी दवाखान्याला पत्र लिहीत होत्या. अचानक बाण हलला आणि पत्र बंद झालं. ताई दचकून ओरडल्या, “अगंबाई, कोण आहे?” कॉम्प्युटरच्या माईकवरून ते ऐकून लगेच पंतांचा फोन आला. “मी आहे! माझ्या ऑफिसात मलाच कोण म्हणून विचारता?” फोन स्पीकरवर ठेवायला लावून त्यांनी सगळ्यांदेखत ताईंचा पाणउतारा केला. ताईंना रडूही आलं नाही, नुसता शीण आला. त्या दिवसापासून बाण हलला की सगळे हात मांडीवर घेऊन गप्प बसत.

एका मंगळवारी बाण हलला. एकेक फाईल उघडत, कॉपी करत दोन तास फिरत राहिला.

“पंत आज फारच कसून तपासतायत,” शेजारचे दातार कुजबुजले. “विचारू या का?”

“मागे विचारलं होतं की,” ताई म्हणाल्या.

पंत तेव्हा एका लग्नाच्या मांडवात शाल-श्रीफळ घेत होते.

संध्याकाळी घरोघरी अनोळखी फोन सुरू झाले. “तुमच्या मुलीचं पहिलं लग्न का मोडलं, सांगू गावाला?” रडणाऱ्या आया केंद्राच्या दारात येऊन ताईंचं नाव घेऊ लागल्या. ताईंना त्यांच्याकडे बघवेना.

पंत धावत आले. “तुमच्या डोळ्यांदेखत सगळं नेलं! एकजणही ओरडला नाही?”

ताईंनी दमलेल्या आवाजात सांगितलं, “आम्हाला वाटलं, तुम्हीच आहात.”

तात्पर्य: जो मालक आपल्याच माणसांत चोरपावलांनी वावरतो, त्याच्याकडे खरा चोर आला तरी त्याला कुणी हटकत नाही.