खेकड्याचा डाव

माणसांच्या तालमी निघाल्या त्याच्याही आधी नदीकाठी एडक्याची तालीम होती. तिथे एकच डाव शिकवत, मान खाली घालून सरळ धडक. खेकडा मात्र धडक मारायला निघाला की भलतीकडेच पोचायचा.

"अरे, समोर बघ ना!" एडका खेकसायचा.

"समोरच बघतो, वस्ताद. पाय ऐकत नाहीत."

एकदा भुकेला कोल्हा त्याच्यावर धावून आला. धडक द्यावी की पळावं, खेकड्याला काही सुचेना. घाबरून तो बाजूला सटकला. कोल्हा तोंडावर आपटला आणि त्याचं शेपूट खेकड्याच्या नांगीत सापडलं. कोल्हा केकाटत पळाला.

"हा डाव कुणी शिकवला?"

"डाव कसला, वस्ताद? मी पळत होतो."

दुसऱ्या दिवशी एडक्यासकट सगळी तालीम तिरकी चालत एकमेकांवर आदळत होती. खेकड्याने गोंधळून विचारलं, "वस्ताद, मग मी आता काय शिकू?"