तळहातावरचं तीर्थ

खालच्या आळीत नळाला पिवळट, वास मारणारं पाणी येऊ लागलं आणि घरोघरी पोरं जुलाबानं आडवी झाली. आम्ही तक्रार घेऊन नगरपालिकेत गेलो, तर नगराध्यक्ष दिनकरराव थोरवडे खुर्चीत रेलून म्हणाले, "पाणी गंगेसारखं शुद्ध आहे. गाळ तुमच्या मनात आहे." आम्ही "बरं साहेब" म्हणून परत आलो.

आळीतल्या मथुराकाकूंना ते काही पटलं नाही. त्यांनी घरी सत्यनारायण घातला आणि थोरवड्यांना तीर्थप्रसादाला बोलावलं. साहेब आले, सगळ्यांच्या पुढे बसले. आरती झाल्यावर काकूंनी त्यांच्या तळहातावर पळीभर तीर्थ घातलं आणि त्या म्हणाल्या, "तुमच्या शब्दावर विसंबून आज पाणी उकळलं नाही, गाळलंही नाही. थेट नळाचं आहे."

थोरवड्यांचा हात ओठांपाशी जाऊन थबकला. तीर्थ सांडता येईना आणि पिववेना. शेवटी डोळे मिटून त्यांनी ते सगळं डोक्याला लावलं.

काकू शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे गंगा आंघोळीपुरतीच आली म्हणायची. प्यायची कधी येणार, साहेब?"

पिवळट थेंब थोरवड्यांच्या कपाळावरून पांढऱ्या सदऱ्यावर ओघळत होते. आम्हाला हसू फुटणार, एवढ्यात काकूंची पळी आमच्याकडे वळली, आणि "बरं साहेब" म्हणून परत आलेल्या आम्हा सगळ्यांचे हातही निमूटपणे डोक्याकडेच गेले.