तुटलेला बंध

"पण बाई, तुटलेला दिसतोय म्हणजे तुटलेलाच असणार ना?"

श्रीरंगने पुन्हा तेच विचारलं. डोळे चुरचुरत होते, टेबलावरच्या चहाचं केव्हाच पाणी झालं होतं. पोरगा हुशार, पण हुशारीचा तोराही काही कमी नव्हता.

वर्षानुवर्षं खपून त्याने एका प्रथिनाचे स्फटिक वाढवले होते. चित्रं घेताना क्ष-किरणांनी ते एकेक करत जाळले. आता एकच उरला होता, यंत्रात, गार वायूत जपलेला. जळाले तर जळाले! प्रथिनातल्या अणूंना जोडणारा एक बंध तुटका असतो, हे जगात पहिल्यांदा त्याला दिसलं होतं. सगळा प्रबंध त्यावरच उभा होता.

"किरण किती सोडलेस?" त्याच्या मार्गदर्शक इंदूबाईंनी विचारलं. जन्म या यंत्रापाशी गेलेला. बाई आता खुर्चीत टेकल्या की उठणं जिवावर येई.

"पूर्ण जोरात. चित्र कसं लख्ख आलंय! हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

"प्रत्येक स्फटिकाची अगदी सुरुवातीची चित्रं घे. तेवढीच जुळव."

"ती अंधुक आहेत, बाई. मी बाजूला टाकली होती."

"घे रे बाबा..."

संगणक बराच वेळ घुमत राहिला.

पडद्यावर बंध उमटला. धूसर... पण अखंड.

श्रीरंगने पडद्याला नाक लावून पुन्हा पाहिलं.

"मग... तोडला कुणी?"

बाईंनी किरणांच्या बटणाकडे नुसतं पाहिलं.

"मी?"

बाईंनी मान डोलावली.

"म्हणजे सगळंच मुसळ केरात!" तो डोकं धरून बसला. रडायचंही त्राण नव्हतं. मग एकदम उसळून उठला. "हा शेवटचा आहे ना? सोडतो किरणांचा पूर्ण झोत. काय ते एकदा स्वच्छ दिसू दे!"

बाई गुडघ्यांवर हात ठेवून उठल्या. त्याचा हात बाजूला केला. झोत कमी केला, आणखी कमी केला.

"एवढ्याशात काय दिसणार, बाई?"

"सोड."

त्याने सोडला. पडदा काळाच. मग कुठेतरी एक ठिपका, शेजारी दुसरा. चित्रामागून चित्र येत गेलं, तसे ठिपके भरत गेले. श्रीरंग श्वास रोखून पुढे वाकला.

बाईंनी झोत बंद केला. स्फटिक अजून शाबूत होता.

"अहो बाई, बंद काय केलंत! आत्ता कुठे नीट दिसायला लागलं होतं!"

बाई पुन्हा खुर्चीत टेकल्या. चष्मा काढला, पदराने पुसला.

"म्हणूनच."