थेक्लाबाई हो म्हणाली नव्हती

अगं, बाकी सगळं सोड, आधी हे ऐक! सावळीढाण्याच्या थेक्लाबाईचं आत्ताच कळलंय, आणि सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

फार वर्षं झाली. सातपुड्याच्या पायथ्याला तेव्हा सडकसुद्धा पोचली नव्हती. तिथे थेक्लाबाई नावाची सुईण राहायची. तिच्या हातून नऊशे बाळं झाली आणि एकही दगावलं नाही, असं म्हणतात. ती क्वेकर होती. म्हणजे ख्रिस्तीच, पण यांच्यात पाद्री नाही, घंटा नाही, गाणं नाही. रविवारी सभाघरात बाकांवर गप्प बसायचं. ज्याच्या आत काही उमटेल त्यानेच उठून बोलायचं. मतदान तर नाहीच. सगळ्यांचं मन एक झालं, तरच ठरलं. गाव त्यांना ‘गप्पे’ म्हणायचं.

मग रेल्वे आली, गिरण्या आल्या. पोरं नागपूरकडे गेली आणि बाक रिकामे पडायला लागले. थेक्लाबाईचा भाचा शांतवन सभेचं लिहिणं बघायचा. तो वैतागला. म्हणाला, “आत्या, पोरांना बाजा लागतो. शहरातल्या पाद्रीबाबांना हे घर देऊन टाकू. नाहीतर बाकांवर कोळी बसतील.”

“कोळी बरे,” थेक्लाबाई म्हणाली. “गप्प तरी बसतात.”

तरी रविवारी त्याने विषय मांडलाच. एकेक मान हलली. थेक्लाबाई डोळे मिटून बसली होती. शांतवनने वाट पाहिली, पाहिली, आणि वहीत लिहून टाकलं, ‘सर्वांचं एकमत.’

पुढच्या रविवारी पाद्रीबाबा पेटी, ढोल घेऊन बैलगाडीतून हजर! थेक्लाबाई दारातच उभी.

“कुणी ठरवलं हे?”

“तू गप्प होतीस की, आत्या!”

“आपण सगळेच गप्प असतो रे बाबा. गप्प म्हणजे हो असतं, तर आजवर देवाला कशाकशाला हो म्हणून बसलो असतो?”

शांतवनचा चेहरा पडला. खोटं लिहिलेलं ठेवायची यांच्यात रीत नाही. त्याने सगळ्यांदेखत ती ओळ खोडली. “मग आता सांग. हो की नाही?”

“अजून ऐकू आलं नाही,” ती म्हणाली आणि आत जाऊन बसली.

झालं! तिचं ठरेपर्यंत काहीच ठरेना. सगळे बसले. पाद्रीबाबा आधी गाडीत बसले, मग कंटाळून बाकावर आले. तीन दिवस गेले. कोंबडे आरवायचे विसरले, नदी सभाघराजवळून चवड्यांवर गेली, असं म्हणतात. मधेच एक अडलेली बाई आली. थेक्लाबाईने ओसरीवरच तिला मोकळं केलं, तर बाळ रडलंच नाही, नुसतं टकामका बघत राहिलं, असंही म्हणतात.

तिसऱ्या दिवशी ती उठली. “ज्यांना गाणं हवं त्यांनी खुशाल जावं. पण हे घर असंच राहू द्या. ओरडायला गावात जागा खूप आहेत, ऐकायला ही एकच.”

आता मात्र सगळ्यांचं मन एक झालं. अकरा घरं गात गात गाडीमागून गेली. तिला लागलं नाही असं नाही. त्यातल्या निम्म्यांची नाळ तिनेच कापलेली. शांतवनही गेला. अर्ध्या वाटेवरून परत आला असं काहीजण म्हणतात, काहीजण नाही म्हणतात. मागे सात माणसं उरली. पुढच्या रविवारी ती सात बसली.

सभाघरात आजही बसतात, कधी सात, कधी नऊ. पण गंमत म्हणजे रीत अख्ख्या गावाने उचलली. पाण्याची पाळी असो की सोयरीक, शेवटचा शब्द पडण्याआधी जो गप्प असेल त्याच्यापुढे जाऊन विचारतात, “थेक्लाबाई काय म्हणते?” आणि तो “अजून ऐकू आलं नाही” म्हणाला, की सगळ्यांनी बसायचं.

परवा भर मांडवात एका नवरीला विचारलं. ती म्हणाली, “अजून ऐकू आलं नाही.” दोनशे वऱ्हाडी उपाशी! चरफडले, पण बसले. संध्याकाळ झाली तरी बसलेच होते.

खरं सांग, तू त्या वऱ्हाडात असतीस तर काय केलं असतंस?