गिरणीच्या दोन तारा

डोंगरापलीकडच्या वस्तीवर वीज नवी नवी आली, तेव्हाची ही गोष्ट. मालनबाईच्या पिठाच्या गिरणीसाठी खांबांवर दोन तारा ओढल्या होत्या. दोघी एकाच भेंडोळ्यातून निघालेल्या सख्ख्या बहिणी.

एकीतून वीज गिरणीकडे जाई, तेव्हा दुसरीतून ती परत येई. आणि गिरणी सुरू झाली रे झाली, की दोघी एकमेकींना दूर ढकलू लागत.

"ताई, माझं काय चुकलं गं?" धाकटी विचारी.

"मी काय केलं? तूच ढकलतेस," थोरली म्हणे.

शेवटी म्हातारा खांब वैतागून म्हणाला, "भांडू नका. वीज दोघींतून एकाच दिशेने गेली असती, तर जवळ ओढल्या गेला असतात. तुमच्यातून ती उलटसुलट जाते, म्हणून दूर ढकलल्या जाता."

"माझी दिशा बदलली तर?" धाकटीने विचारलं.

"बदलतेच की, सेकंदाला कितीदा तरी! पण त्याच क्षणी तिचीही बदलते."



एका दुपारी लाईट गेली. "घ्या, बसा आता!" म्हणत मालनबाई ओट्यावर टेकली. दळणाचे डबे रांगेत तसेच राहिले. तारांमधलं ढकलणं थांबलं.

"ताई, आता तरी जवळ ये ना," धाकटी म्हणाली.

"कुठे येऊ? तू शेजारी आहेस की नाही, तेच मला कळत नाहीये," थोरली म्हणाली.

तासाभराने गिरणी पुन्हा घरघरली. थोरलीने धाकटीला दूर ढकललं, आणि धाकटीला हायसं वाटलं.